फाकडी उचल

नाते गावचा कुशाबा जगताप महाडच्या बाजारात शिरला की माणसं त्याच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघायची. हात होतेच तसे. ताठ उभा राहिला तरी बोटं गुडघ्याला टेकायला थोडीच कमी पडायची. चिंतामणी वकील त्याला गमतीनं 'आजानुबाहू' म्हणत. त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून कुशाबा काम नसलं तरी कोर्टावरून वळसा घालून जायचा.

वकील व्यायामशाळेचे चिटणीस होते. हनुमान जयंतीला तिथं दरसाल उचलीची स्पर्धा व्हायची. मुंबईच्या गिरणीत हयात घालवून परत आलेल्या महिपतदादानं येताना एक लांब लोखंडी दांडा आणि त्याला दोन्हीकडून अडकवायच्या बिडाच्या चकत्या आणल्या होत्या. नियम साधा. जमिनीवरचा दांडा धरायचा, उचलायचा, गुडघे आणि पाठ ताठ करून उभं राहायचं आणि महिपतदादाची शिट्टी होईपर्यंत सोडायचा नाही. दांडा महाडला आल्यापासून पहिला मान कुशाबाचाच होता. दुसरा कोण, एवढाच काय तो दरवर्षीचा प्रश्न.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, फाल्गुन सरता सरता, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला हैबती उतेकर व्यायामशाळेत आला. बुटका, रुंद, धड लांब आणि हातपाय आखूड. दाराशी चपला काढून त्यानं मारुतीला नमस्कार केला आणि दांड्याला हात लावायची परवानगी मागितली. पोरांनी चकत्या चढवल्या. हैबती दांड्यापाशी गेला आणि त्यानं पाय फाकवले. थोडेथोडके नाहीत, पार चकत्यांपर्यंत. गुडघे दोन्हीकडं उघडे, बूड खाली, हात मधोमध, पायांच्या आत.

पोरं खो खो हसली. "बेडूक बसलाय रे, बेडूक!"

हैबतीनं तिकडं लक्षही दिलं नाही. दांडा सरळ वर आला, मांड्यांना लागला आणि थांबला. तेवढं वजन महाडात कुशाबाखेरीज दोघा-तिघांनाच उचलता यायचं. हसू विरलं आणि वाद सुरू झाला.

त्या उचलीला कोणीतरी 'फाकडी' असं नाव दिलं. एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात, तांदळाच्या वखारीत, न्हाव्याच्या खुर्चीवर एकच विषय. पाय फाकवले की माणूस जमिनीच्या जवळ येतो, दांड्याला वर यायला अंतर कमी पडतं, मग ही उचल कसली, ही तर पळवाट, असं महाडकर म्हणत. पोलादपूरकडून बाजाराला आलेले म्हणत, अंतराचंच बोलायचं तर कुशाबाचे हात कापा आधी, त्याचा दांडा तरी कुठं लांबून येतो?

कुशाबाही हसणाऱ्यांतच होता. उचल म्हणजे पाय जुळवून, कमरेतून वाकून, पाठीच्या बळावर, हे त्याच्या अंगात मुरलेलं. एके दिवशी वकिलांनी त्याला घरी बोलावून घेतलं.

"कुशाबा, नियमात पायांबद्दल एक अक्षर नाही," ते म्हणाले. "पण गावात कुरबुर आहे. कमिटीचं असं ठरलंय की तुम्ही सांगाल ते करायचं. तुम्ही हरकत घेतलीत तर फाकडी बंद. नाहीतर चालू."

"मीच सांगायचं? मी तर त्याच्यासमोर उभा राहणार."

"म्हणूनच. तुम्ही चालेल म्हणालात तर कोणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही."

'नाय चालणार' हे कुशाबाच्या ओठांवर आलं होतं. पण न करून बघितलेल्या गोष्टीला खोटी कसं म्हणायचं, एवढी टोचणी लागली. "मला जरा बघू द्या," म्हणून तो निघाला.

घरी त्यानं सागाचा जाड वासा काढला, दोन्ही टोकांना भाताची पोती आवळून बांधली आणि अंगणात मांडला. आधी आपल्या पद्धतीनं उचलला. सहज आला. मग आजूबाजूला बघून घेतलं, पाय फाकवले आणि बसला. जोर केला. वासा हलला नाही. पुन्हा केला. मांड्यांच्या आतून कळ आली, डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि वासा होता तिथंच.

त्याची बायको ठकूबाई पाटीभर शेण घेऊन गोठ्यातून येत होती. ती थबकली.

"काय शोधताव? काय पडलं का?"

"उचल चालली हाय."

"उचलता तर कायच दिसत नाय." पाटी खाली ठेवून ती जवळ आली. हकीकत ऐकल्यावर म्हणाली, "म्हंजे पोती तीच, वासा तोच, आन तुमाला उचलत नाय. मंग त्या पोलादपूरवाल्याला लबाड म्हणताव कशाचं? लबाडी सोपी असती."

दुसऱ्या दिवशी त्याला मांडी घालून जेवायला बसता येईना. पण अंग दुखत असतानाच त्याच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. आपल्या उचलीत दांडा जमीन लगेच सोडतो, खरी परीक्षा गुडघ्यांपाशी होते. फाकडीत परीक्षा जमिनीवरच. सगळा जोर लावायचा आणि काहीही होत नाही, तरी लावतच राहायचा. ती कळ ज्याला सोसते त्याचाच दांडा वर येतो. आपण तर दुसऱ्या झटक्यालाच सोडलं होतं.

मग त्याला चैन पडेना. एस.टी.नं तो पोलादपूरला गेला, तिथून विचारत विचारत डोंगर चढून वाडीवर पोचला. हैबती शेतात बांध घालत होता. गेल्या पावसाळ्यात फुटलेल्या बांधाचे धोंडे खालून वर आणायचे काम. कुशाबा आंब्याच्या सावलीत उभा राहून बघत राहिला. हैबती धोंड्याच्या दोन्ही अंगांना पाय रोवायचा, बूड खाली टाकायचा, हात आत घालायचा आणि धोंडा पोटाशी घेऊन उठायचा. अगदी तसाच, जसा व्यायामशाळेत बसला होता.

कुशाबाला बघून तो ओशाळला. "दादा, तुमी? हितं?"

"तू असा बसायला शिकलास कुणाकडनं?"

"शिकायचं काय? धोंड्याच्या अलीकडं दोन्ही पाय ठेवलं तर कंबर मोडंल. धोंडा पायात घ्यायला लागतो. मला वाटलं दांडाबी तसाच घ्यायचा."

कुशाबाला हसू आलं आणि मनातून आदरही वाटला. हा माणूस पळवाट शोधत नव्हता. त्याचं शेत त्याला तसं उभं करत होतं.

हैबतीच्या आईनं, प्रयागबाईनं, पडवीत घोंगडी टाकली, ताक दिलं. कुशाबानं हैबतीचे तळवे मागून घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. तळवे दगडासारखे, पण बोटं आखूड.

"दांडा बोटांतनं घरंगळतो ना तुझा?"

"घरंगळतो. धोंड्याला खालनं हात असतो. दांडा गोल. वजन वाढलं का बोटं उघडत्यात."

"मंग माझ्यासारखा धर. एक पंजा आपल्याकडं, दुसरा उलटा, भायेर. एका हातातनं सुटाया बघितला तर दुसरा आवळतो. घरंगळायला वावच नाय."

हैबतीनं ताकाचा पेला खाली ठेवला. "नाय दादा. ते मी नाय करणार."

"का?"

"राग नका धरू. पर एक हात सुलटा न् एक उलटा म्हंजे... लबाडी वाटती मला."

कुशाबा बघतच राहिला. "पाय गावभर फाकवतोस ते चालतं, आन हात फिरवला की लबाडी?"

"पाय कुटंबी ठेवा. धरणार हातच ना? हातानं धरलं पायजे. ही तर अडकवाअडकवी झाली."

"अडकवाअडकवी? अरे, पंधरा-पंधरा दिवस खांद्याला लचक भरती ती काय फुकट?"

आवाज चढले. प्रयागबाई चुलीपासून उठून दारात आली. "अगो बाय, भांडताव कशापायी? शेताचा बांध कोरला का कुणी?"

त्यावर दोघंही हसले. आणि हसता हसता कुशाबाला आठवलं की महिपतदादानं त्याला ही पकड पहिल्यांदा शिकवली तेव्हा महाडच्या जुन्या पैलवानांनी हेच म्हटलं होतं. एक हात उलटा म्हणजे चोरी. किती चिडला होता तो तेव्हा! ते सारं तो साफ विसरून गेला होता. जे आपल्याला येतं ती कला आणि दुसऱ्याला येतं ती लबाडी, अशीच सगळ्यांची रीत, त्याच्या मनात आलं.

परत येऊन त्यानं वकिलांना सांगितलं, "फाकडी चालंल. पाय कुठंबी ठेवू द्या, हात कसंबी धरू द्या. फकस्त शिट्टीपर्यंत ताठ उभा राहिला पायजे. मीबी आन त्योबी."

महाडात ते कळलं तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. वखारवाले सयाजीशेठ तर तोंडावर म्हणाले, "कुशाबा, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!"

"धोंडा उचलायला गेलं का पायावर पडायचाच कधीतरी," कुशाबा म्हणाला.

हनुमान जयंतीला ऊन कलल्यावर स्पर्धा सुरू झाली. व्यायामशाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वखारीतला मोठा काटा आणून आधी सगळ्यांची वजनं करून घेतली होती. एकेक जण गळत गेला आणि शेवटी दोघंच उरले, सगळ्यांना ठाऊक होतं तेच दोघं.

चकत्या चढत गेल्या. मागच्या वर्षी कुशाबानं जे वजन उचललं होतं ते दोघांनी उचललं. मग महिपतदादानं त्यावर आणखी चकत्या घातल्या. एवढं वजन त्या दांड्यावर आजवर कधी चढलं नव्हतं.

चिठ्ठी हैबतीची आधी निघाली. तो बसला, गुडघे उघडले. पण दांडा धरताना त्यानं काहीतरी वेगळंच केलं. दोन्ही पंजे स्वतःकडं, नेहमीसारखे, पण अंगठे आधी दांड्यावर चिकटवले आणि बोटं त्या अंगठ्यांच्या वरून आवळली. स्वतःच्या अंगठ्यांनाच त्यानं मुठीत पकडलं होतं. कुशाबानं ते पाहिलं आणि त्याच्या अंगावर शहारा आला. एवढं वजन, आणि सगळं त्या अंगठ्यांच्या नखांवर! हात उलटा करायचा नाही हा हट्ट त्यानं सोडला नव्हता, त्याची किंमत मोजायला तयार झाला होता.

हैबतीनं जोर लावला. काही झालं नाही.

"बेडूक बसला!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"गप!" कुशाबा गरजला. "तो उचलतोय!"

लोकांना वाटत होतं की काहीच घडत नाही. त्या गर्दीत कुशाबाला एकट्याला ठाऊक होतं की आत काय चाललंय. त्या जागी तो स्वतः दुसऱ्या झटक्याला सुटला होता. हैबतीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, मांड्या थरथरल्या, दांडा मध्ये किंचित वाकला, चकत्या मात्र जमिनीवरच. सोड आता, असं कोणालाही वाटलं असतं. आणि कुशाबा मनात म्हणत होता, सोडू नको, सोडू नको, लाव. स्वतःच्या उचलीला तो कधी एवढा कासावीस झाला नव्हता.

चकत्यांखाली उजेड दिसला. पहिल्यांदा बोटभर. मग एकदा सुटलेला दांडा थांबलाच नाही. कुठं धक्का नाही, कुठं पाठीला बाक नाही. विहिरीतून भरलेली घागर यावी तसा संथ वर आला. हैबती ताठ उभा राहिला. बोटं उघडली नाहीत. शिट्टी झाली.

मग जो गलका उठला त्यात महाडचे कोण आणि पोलादपूरचे कोण हे उरलं नाही. "फाकडी रे फाकडी!" पोरं ओरडत होती. तोच शब्द, पण आता त्यातला चिडवण्याचा सूर गेला होता. फाकडा गडी म्हणतात तसं ते म्हणत होते.

कुशाबा दांड्यापाशी गेला. पाय जुळवले, एक पंजा आत, एक बाहेर. त्याला भीती वाटली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. नुकतंच पाहिलेलं अजून डोळ्यांपुढं होतं. दांडा उठला, गुडघ्यांपाशी आला आणि तिथं अडला. दरवर्षी इथं तो झटका द्यायचा. या वेळी झटका दिला नाही. हैबती जमिनीवर थांबला तसा तो गुडघ्यांवर थांबला आणि लावत राहिला. दांडा इंचाइंचानं मांडीवर चढला. शिट्टी झाली तेव्हा त्याला ती ऐकूही आली नाही, महिपतदादानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यानं दांडा खाली ठेवला.

त्या वजनावर आणखी एक चकती घालून दोघांनी उचलून बघितलं. दोघांचाही दांडा जमिनीला खिळून राहिला.

वकिलांनी कागद न बघताच सांगितलं, "वजन सारखं झालं तर अंगानं हलका तो पहिला, असं आधीच ठरलंय. हैबती उतेकर."

सयाजीशेठ पुढं सरसावले. "वकीलसाहेब, हे पटत नाही. कुशाबा, तू तरी बोल!"

"काय बोलू? माझ्यापेक्षा एवढा हलका गडी, आन माझ्याएवढंच उचललं. पयला कोण, हे काय इचारायचं?" असं म्हणून कुशाबानंच पहिल्यासाठी ठेवलेला मानाचा फेटा उचलला आणि हैबतीच्या डोक्यावर ठेवला. हैबती त्याच्या पाया पडायला वाकला. तेव्हा कुशाबानं त्याचे हात धरले आणि पाहिले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती, एकाखालून रक्त आलं होतं.

"लई दुखतंय?"

"आता दुखाया लागलं. मगा कळलंच नाय."

"हात उलटा केला असतास तर वाचलं असतं."

"नाय दादा," हैबती हसला. "ते आपल्याला नाय पटत."

कुशाबा घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. ठकूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तो पाय धुवायचंही विसरला आणि तिच्यासमोर बसून सांगू लागला. हैबती कसा बसला, अंगठे कसे आत घेतले, दांडा किती वेळ हलला नाही, लोक कसे हसले, मग चकत्यांखाली उजेड कसा दिसला. सांगता सांगता तो उठला आणि ओट्यावरच पाय फाकवून दाखवू लागला. मांडीत कळ आली तसा "आयाया" करत पुन्हा बसला. ठकूबाई निवडायची थांबून ऐकत होती.

"म्हंजे पयला त्योच आला," ती म्हणाली.

"त्योच. यायलाच पायजे होता."

"आन तुमी किती उचललं?"

"मी?" कुशाबानं जरा आठवल्यासारखं केलं. "मीबी तेवढंच. पर तू त्याची उचल बगायला पायजे होतीस, ठकू."