आधी नाक हिरवं होतं!

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. माझी रबरी बटणं पाहून तुम्ही खुदकन हसाल. हसा बापडे! एके काळी माझ्यापुढे बसायला या घरात भांडणं होत.

माझ्यात एक खोड आहे, ती आधीच सांगतो. माझं चित्र छोट्या छोट्या चौकोनांचं बनतं आणि एका चौकोनात दोनच रंग मावतात. त्यामुळे माझ्यावरच्या एका खेळात लाल शिपाई हिरव्या झुडपाजवळ गेला की तोही हिरवा होई. हा खेळ घरातल्या आईने शाळेत असताना माझ्यावर रचला होता. शिपाई लाल राहावा म्हणून तिने जंग जंग पछाडलं. शेवटी वैतागून मला माळ्यावर टाकलं. तिथे मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे तिची लेक गेम बनवू लागली. तिला आईचाच शिपायाचा खेळ माझ्या जुन्या रूपात नव्याने बनवायचा होता. तिने मला खाली काढून पुसलं, पण धूर निघेल या भीतीने वीज काही दिली नाही. शेजारी तिचा नवा संगणक होता. त्याच्याकडे कोट्यवधी रंग, पण माझी एवढीशी चूक त्याला जमेना! शिपाई आपला लालच्या लाल. मला तर गुदगुल्या होत होत्या.

तेवढ्यात आई म्हणाली, "नक्कल जमली की हे धूड भंगारात दे हं."

आणि नेमकी नक्कल जमली. लेकीने आईला खेळायला बसवलं. झुडपाशी जाताच शिपाई हिरवा झाला.

"अगं, ही चूक राहिली बघ!"

"मुद्दाम केलीय, आई. किती खपले त्यासाठी!"

"मुद्दाम? मी ती घालवायला रडरड रडले होते!" आई पुन्हा पडद्याकडे वाकली. "आणि हे चुकलंय. हा एकदम सगळा हिरवा होतो. आधी नाक व्हायचं, मग कान."

"तुला काय आठवतंय एवढं!"

"आठवतंय म्हणजे? थांब, दाखवते."

तिने मला टीव्हीला जोडलं आणि वीज दिली. आता सुरू झालो नाही तर संपलंच, हे मला कळत होतं. जीव मुठीत धरून मी उजळलो. आईने आठवणीतूनच त्या खेळाच्या प्रोग्रॅमच्या ओळी टाईप केल्या. शिपाई निघाला. आधी नाक हिरवं झालं, मग कान.

"बघ!" आई ओरडली. "आणि याला भंगारात घालायला निघालीस?"

"मी? तूच म्हणालीस ना!"

"काहीतरीच काय! सरक, मला खेळू दे."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तरी सुरू करून बघा. मला वाटायचं, आई मला विसरली. तिला तर माझी चूकसुद्धा नाकाकानासकट पाठ होती!