सेनापतीच्या डोक्यावरचं कासव

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, चाळीस वर्षं एकच काम केलं. लोकांना दुसऱ्यांचे खून सांगितले. आमच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात राजेराण्यांचं दालन आहे, शास्त्रज्ञांचं आहे, पण गर्दी असते ती तळघरातल्या हत्या दालनात. शास्त्रज्ञांसमोरून लोक तरातरा निघून जातात आणि खाली येऊन विचारतात, सुरा नक्की कुठून घुसला. मी त्यांना नावं ठेवत नाही. शास्त्रज्ञांच्या कोटांना इस्त्री मीच करते, मलाही तिकडे जांभया येतात.

पुतळ्यांची देखभाल माझ्याकडे आहे. केस विंचरायचे, गालांवरची धूळ मऊ ब्रशने काढायची, कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या आणि दर सहा महिन्यांनी जखमा ताज्या करायच्या. रंग जुना झाला की तपकिरी दिसतो आणि लोक कुरकुरतात. त्या लाल हातांनी मी कितीदा तरी घरी गेले आहे. माझा नवरा बोटाला टाचणी टोचली तरी आडवा होतो, त्यामुळे मी आधी मोरीत जाते आणि मगच त्याच्यासमोर.

हत्या दालनात मुख्य मरणं चार. पहिला क्रांतीच्या काळातला वर्तमानपत्रवाला. कातडीच्या रोगामुळे दिवसभर टबात बसून लिहायचा, तिथेच एका तरुण बाईने त्याला सुरी मारली. दुसरी सम्राज्ञी. तळ्याकाठाने बोटीकडे चालली असताना एकाने तिच्या छातीत टोकदार कानस खुपसली. तिला वाटलं नुसता धक्का लागला, ती तशीच बोटीवर गेली आणि मग कोसळली. तिसरा सेनापती, भर सभेत स्वतःच्याच मित्रांनी भोसकलेला. चौथा टक्कल पडलेला नाटककार. त्याचं टक्कल खडक समजून गरुडाने वरून कासव टाकलं, असं म्हणतात. हा काही खून नव्हे, पण तीन खून ऐकल्यावर माणसाला जरा हसू द्यावं, असं बाबा म्हणायचे.

बाबांची सांगायची पद्धत त्यांचीच. पुतळ्यांकडे पाठ, डोळे ऐकणाऱ्यांच्या तोंडावर. "मेलेला कुठे पळून जात नाही," ते म्हणायचे, "लक्ष ऐकणाऱ्यावर ठेवावं." पाट्या लावायला त्यांचा कायम विरोध. पाटी दिसली की लोक वाचतात, मग ऐकत नाहीत. म्हणून आजही आमच्या दालनात एक पाटी नाही. कोण कसं मेलं ते फक्त बाबा सांगणार.

आणि दोन महिन्यांपूर्वी बाबा चुकायला लागले.

पडद्यामागे मी सम्राज्ञीच्या बाह्यांना टाके घालत होते. बाहेर बाबा खणखणीत आवाजात सांगत होते की सम्राज्ञी टबात बसली असताना तिला सुरी मारली. माझी सुई थांबली. वर्तमानपत्रवाल्याला त्यांनी तळ्याकाठी नेऊन मारलं. कासव पडलं ते सेनापतीच्या डोक्यावर, आणि बिचाऱ्या नाटककाराला मित्रांनी भोसकलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बाबा जन्माचे शिस्तीचे, चुकायचं तरी रोज एकसारखं चुकायचे.

मी काही बोलले नाही. बोलणार काय? ज्या माणसाने लग्नानंतर मला या तळघरात हात धरून काम शिकवलं, त्याला म्हणू, बाबा, तुमचं डोकं फिरायला लागलंय? नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो रडला असता, आणि मग मला दोघांना सांभाळावं लागलं असतं.

पण लोकांना डोळे असतात. कुणीतरी वर तक्रार केली, की म्हातारे आजोबा सांगतात एक आणि दिसतं भलतंच. आमचे मालक तरुण आहेत. वडिलांकडून संग्रहालय त्यांना मिळालं, पण इतिहास मिळाला नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"ताई, खरं काय घडलं ते मला माहीत नाही आणि लोकांनाही नाही," ते म्हणाले. "पण ऐकलेलं आणि दिसलेलं जुळायला पाहिजे. गुरुवारी सकाळी मी स्वतः फेरीबरोबर येतो. काकांच्या दोन चुका मी सोडून देईन. तिसरी झाली की पाहुण्यांनी कानाला लावायची, माहिती सांगणारी यंत्रं मागवतो. मग काकांनी घरी आराम करावा."

घरी आराम. बाबांना घरी आराम म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. सोमवारी सुट्टी असते तर ते दुपारपर्यंत तीनदा बूट घालून काढतात.

तेव्हा मी ठरवलं. बाबांचं डोकं काही मला दुरुस्त करता येणार नाही, पण पुतळे माझ्या ताब्यात आहेत. मालकांना जुळायलाच हवंय ना? जुळवू.

सोमवारी मी आमच्या वायरमनला हाताशी धरलं. टब अस्सल पत्र्याचा, दोघांना ओढता ओढता घाम फुटला. सम्राज्ञीला झग्यासकट आत बसवलं, कारण तिला कपडे उतरवायला लावण्याइतकी मी बेशरम नाही. वर्तमानपत्रवाला कमरेला टॉवेल गुंडाळून तळ्याच्या पडद्यासमोर उभा राहिला, छातीत कानस. मग वायरमन शिडीवर चढला आणि त्याने कासव काढून सेनापतीच्या डोक्यावर बेताने टांगलं. सेनापतीच्या अंगातले सुरे मी एकेक करून नाटककाराला लावले.

"वहिनी," वायरमन शिडीवरून म्हणाला, "आपण हे पाप करतोय का?"

"तू तार घट्ट पिळ," मी म्हटलं.

मंगळवार, बुधवार कशाची तरी डागडुजी असल्याचं सांगून मी दालन बंदच ठेवलं. एका गोष्टीकडे मात्र माझं साफ दुर्लक्ष झालं. आठ दिवस रोज सकाळी बाबा न्हाणीघरात जरा जास्तच वेळ घेत होते. पाणी पडल्याचा आवाज थांबायचा आणि पुटपुटणं चालू राहायचं. मला वाटलं, दुखणं वाढलं. मी गॅसवर चहा ठेवून डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागले.

गुरुवारी निवृत्त लोकांच्या एका मंडळाचे पंधराजण आले. मागे मालक, हातात वही. मी पडद्याआड. बाबांनी कोट झटकला, पुतळ्यांकडे पाठ केली आणि सुरुवात केली.

"हा वर्तमानपत्रवाला. कातडीचा रोग, म्हणून बिचारा सारा दिवस टबात बसलेला."

बाबा बरोबर सांगत होते. टबापाशी आलेली बाई, तिने आणलेली नावांची यादी, सुरी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आणि त्यांच्या पाठीमागे तो प्राणी टॉवेल नेसून तळ्याकाठी उभा. लोकांत खसखस पिकली. मालकांनी वहीत एक रेघ मारली.

"ही सम्राज्ञी. तळ्याकाठाने बोटीकडे चालली होती," बाबा म्हणाले, आणि मंडळातल्या एक काठीवाल्या आजी म्हणाल्या, "अहो, पण ही तर अंघोळीला बसली आहे." दुसरी रेघ.

बाबांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. टबातली झगेवाली सम्राज्ञी पाहिली. टॉवेलवाला पाहिला. मग त्यांनी पडद्याच्या फटीकडे पाहिलं, थेट माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं. इतकी शरम मला लग्नात उखाणा विसरले तेव्हाही वाटली नव्हती.

मग ते सेनापतीसमोर आले. डोक्यावर कासव. मी फटीतून स्वतःच्या डोक्यावर हात थोपटून खुणा करत होते. कासव म्हणा, बाबा. एकदा कासव म्हणा आणि सुटा. त्यांना खूण समजली होती, ते दिसत होतं.

"याला मित्रांनी मारलं," बाबा म्हणाले. "कासवाचा याच्याशी काही संबंध नाही. माणूस एकदाच मरतो. त्याचं मरण उचलून दुसऱ्याला देऊ नये."

हट्टी म्हातारा. मला असा राग आला, आणि त्या रागातच ऊर भरून आला.

मालकांनी वही मिटली. "काका, पुतळा दाखवतोय एक आणि तुम्ही..."

"पुतळा चुकलाय."

"पुतळे माझ्या वडिलांनी बनवून घेतलेत. ते कसे चुकतील?"

मग मला पडद्याआड राहवेना. मी बाहेर आले, हातात सुईदोरा तसाच. "साहेब, चूक माझी आहे. साफसफाईला काढले होते, परत लावताना अदलाबदल झाली."

"टब साफ करायला काढला आणि महाराणी त्यात जाऊन बसली?" मालक म्हणाले. "ताई, अकरा वर्षं झाली तुम्हाला इथे. हा निष्काळजीपणा असेल तर काकांऐवजी मला तुमचाच विचार करावा लागेल."

मी मान खाली घातली. करा म्हटलं, करा विचार. बाबा राहिले म्हणजे झालं.

"तिचा नाही, माझा करा," बाबा म्हणाले. रोजच्याच आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. "दोन महिने मी हे सगळं उलटसुलट सांगतोय. ऐकणाऱ्यांच्या तोंडांवरून मला ते कळलं, पण माझ्या ध्यानात राहत नाही. या मुलीने ते ऐकलं, आणि मला कुणी हसू नये म्हणून मेलेली माणसं इकडची तिकडे केली. मी आठ दिवस न्हाणीघरात घोकत होतो, म्हणून आज जमलं. उद्या जमेलच असं नाही."

मालक वही उघडून पुन्हा मिटायला लागले. त्यांना हे जमत नव्हतं, त्यांचाही जीव होताच बाबांवर.

"मग आता सांगणार कोण?" ते शेवटी म्हणाले. "यंत्रं अजून मागवलेलीसुद्धा नाहीत."

"ही सांगेल. तिला सगळं पाठ आहे."

"बाबा, मला नाही जमायचं," मी म्हटलं. "मी कपडे शिवणारी बाई."

"सांगा हो," काठीवाल्या आजी म्हणाल्या. "तो सेनापती केव्हाचा खोळंबलाय."

लोक हसले. बाबा माझ्या शेजारून निघाले, घोळक्यात शिरले आणि आजींच्या बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले. इतर पंधराजणांसारखेच तेही माझ्याकडे बघायला लागले.

सुईदोरा ओच्यात खोवला आणि सुरुवात केली. सभा कशी भरली, तो आसनावर कसा बसला, एकाने अर्ज देण्याचं निमित्त करून त्याचं वस्त्र कसं ओढलं. मित्र एकेक करून पुढे झाले. माझा आवाज हळूहळू माझा मलाच ऐकू यायला लागला.

"आणि एकूण वार झाले बावीस," मी म्हटलं.

घोळक्यातून एक हात वर झाला.

"तेवीस," बाबा म्हणाले.

"तेवीस," मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरेना. समोरच्या आजींनी पिशवीतून रुमाल काढून मला दिला. त्यांना वाटलं, मी सेनापतीसाठी रडते आहे.