सात नंबरची चिंधी

ताईने चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली आणि एकाही पेशंटच्या पोटात कापसाचा बोळा राहू दिला नाही. टाके घालण्याआधी मोजणी, घातल्यावर पुन्हा मोजणी. मोठमोठे सर्जन चुळबुळत उभे राहायचे, पण ताईचा आकडा जुळल्याशिवाय सुई पुढे सरकायची नाही. निवृत्त झाल्यावर ही बाई स्वस्थ बसेल असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं.

मागच्या खोलीत वडिलांची मोटरसायकल अकरा वर्षं धूळ खात पडली होती. इंजिन जाम. नाक्यावरच्या मेकॅनिकने केव्हाच हात टेकले होते. धाकट्या भावाला ती खोली रिकामी हवी होती. ताई हट्टाला पेटली तेव्हा तो म्हणाला, "तीन महिने देतो. शेवटच्या रविवारी बाराच्या आत सुरू झाली तर तुझी. नाहीतर भंगारवाला येऊन उचलेल. शब्द म्हणजे शब्द."

ताईला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलीने नर्स होऊ नये म्हणून सगळे नातेवाईक नाकं मुरडत होते, तेव्हा वडील तिला याच गाडीवरून रोज सकाळी नर्सिंगच्या शाळेत सोडायचे. ती गाडी कुणी हातोड्याने फोडावी, हे तिला सहनच होणार नव्हतं.

तिने जुनं पुस्तक मिळवलं, नट-बोल्टचे पाने आणले, सिलिंडर आतून घासून बोअर करून आणला, नवा पिस्टन आणला. जुन्या चादरीच्या पंधरा चिंध्या कापून प्रत्येकीवर मार्करने नंबर घातला. स्टीलच्या ट्रेमध्ये हत्यारं ओळीने मांडली. भावजय दारातून म्हणाली, "वन्सं, इंजिनाला भूलही देणार का?"

"ते मुळातच बेशुद्ध आहे," ताई म्हणाली. "आपल्याला जागं करायचंय."

शेवटचा रविवार उजाडला. भावाला राहवेना. नुसतं बघायला म्हणून आला आणि बाह्या सरसावून बसला. "आटप ताई, आटप," असं त्याने इतक्यांदा म्हटलं, की सिलिंडर बसवण्याआधीची मोजणी ताईने आयुष्यात पहिल्यांदा शेवटावर ढकलली. सव्वाअकराला शेवटचा नट आवळला गेला. भावाने उत्साहाने किकवर पाय ठेवला.

"थांब. चिंध्या मोजू दे."

चौदा. ताईने पुन्हा मोजल्या. चौदाच. सात नंबर नव्हता.

"मी भांडी पुसायला नेली असेल," भावजय म्हणाली आणि स्वयंपाकघर धुंडाळून रिकाम्या हाताने परत आली. भाऊ वैतागला. "एका फडक्यासाठी गाडी घालवणार? एक किक मार, जिंकलीस!"

उघडायचं म्हणजे बारा हुकणार. भाऊ शब्द फिरवणारा नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? गाडी हातची जाणार. तिने क्षणभर घड्याळाकडे पाहिलं, मग पाना उचलला.

"आकडा जुळत नाही," ती म्हणाली आणि आवळलेला पहिला नट सैल केला.

बाराच्या ठोक्याला भंगारवाला हातगाडी घेऊन दारात हजर. त्याच वेळी ताईने सिलिंडर वर उचलला. पिस्टनच्या खाली, इंजिनाच्या पोटात, रॉडला बिलगून एक पांढरं टोक दिसत होतं. तिने चिमट्याने ते हळूच बाहेर ओढलं. तेलाने माखलेली सात नंबरची चिंधी.

भावाचा चेहरा खर्रकन उतरला. "तू चष्मा आणायला गेलीस ना, तेव्हा पिस्टनच्या पिनेचं लॉक, ती बारीक कडी, आत पडू नये म्हणून मीच कोंबली होती. विसरलो गं." त्याने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "मी किक मारली असती तर सगळं मातीत गेलं असतं."

ताईने चिंधी बाकीच्या चौदांशेजारी ठेवली. भंगारवाल्याने खोकून विचारलं, "मग, न्यायची ना?"

"बस जरा," भाऊ म्हणाला. "इथे ऑपरेशन चाललंय."

इंजिन उघडलं की सांध्यातलं गॅस्केट नवं घालावं लागतं; जादा गॅस्केट ताईकडे होतंच. एक सुई नेहमी जास्त ठेवायची, ही थिएटरची सवय. सिलिंडर बसवायच्या वेळी भावानेच चिंध्या जमिनीवर पसरल्या आणि एकेक बोट लावून मोठ्याने मोजल्या. "पंधरा, ताई. कर बंद." सगळं आवळून झाल्यावर त्याने न सांगता पुन्हा मोजल्या. "पंधरा. मार किक."

पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या किकला एक ढेकर. तिसऱ्या किकला इंजिन असं काही गरजलं, की भावजयीच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि अख्खी गल्ली खिडक्यांत आली. तोच आवाज! रोज सकाळी ताईला हाक मारणारा. ती रडत होती, हसत होती आणि दोन्हींची तिला मुळीच लाज वाटत नव्हती.

"ही काय माझ्या काट्यावर चढत नाही आता," भंगारवाला ओरडला आणि टाळ्या वाजवत राहिला.

भावाने सवयीने हँडल धरायला हात पुढे केला, मग आपणच मागे घेतला. सात नंबरची चिंधी खिशात कोंबून तो गुपचूप मागच्या सीटवर बसला.

"घट्ट धर रे," ताई म्हणाली. वडील रोज हेच म्हणायचे. तिने गिअर टाकला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.