मागे लागलेले

हळदीकुंकवाला दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला, की नवख्या बायकाही बिनधास्त आत यायच्या, हे सुनेत्राबाईंनी सेक्टर चोवीसच्या सरकारी घरात कितीदा पाहिलं होतं. जानेवारीतली ती उत्तरेकडची थंडी! सगळ्या शालींत गुरफटलेल्या. हवाई दलातल्या साहेबांची बायको देवयानी मात्र लोकरी मोज्यांवर कोल्हापुरी चढवून फटक फटक करत यायची. तीही दहादा बोलावल्यावर. मग त्यांची बदली झाली, दोघींची घरं बदलली आणि पत्ता हरवला तो हरवलाच.

आपण तिला सापडावं म्हणूनच तर सुनेत्राबाईंनी ब्लॉग सुरू केला होता. त्या कोल्हापुरी चपलांवरही लिहून झालं. दोन वर्षांत देवयानीचा मागमूस नाही.

“बंद करून टाक तो,” त्या सुनेला म्हणाल्या. “कोण येतंय वाचायला?”

हरलीन इथल्याच मनीमाजऱ्याची, पंजाबी. मराठी तिने याच स्वयंपाकघरात ऐकून ऐकून उचललेली. “येतात ना, मम्मीजी! फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर किती लोक आहेत तुमचे. ब्लॉगवर ते दिसत नाहीत, बस.”

“म्हणजे चपला दुसऱ्याच दारात काढतात म्हण की!”

“पक्का! मी कोड लिहिते. दोन्हीकडचा आकडा आपोआप तुमच्या दारात येईल.”

संध्याकाळी ब्लॉगच्या माथ्यावर ठळक अक्षरं झळकली: ‘मागे लागलेले : ३१२’.

सुनेत्राबाईंना हसता हसता ठसका लागला. “अगं बाई, मागे कुत्री लागतात!”

“फॉलोअर म्हणजे पीछे लगे हुए. तुम्हीच म्हणता ना, सेक्टर सतराच्या बाजारात फुगेवाले मागे लागतात?”

“पुसून टाक आधी. लोक हसतील.”

“सकाळी नक्की, जी.”

सकाळपर्यंत लोक हसूनही झाले होते. कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढून मराठी ग्रुपांवर फिरवला होता. आणि दुपारी चपलांच्या लेखाखाली प्रतिक्रिया आली:

“फोटो बघून हसायला म्हणून आले, तर इथे माझ्याच चपला! तुझ्या मागे कोण लागतंय गं? माझ्या मागे तूच लागायचीस. – देवयानी, हल्ली नाशिक.” खाली फोन नंबर.

सुनेत्राबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा.

“मम्मीजी, शब्द बदलू आता?” हरलीनने विचारलं.

“राहू दे तो. आधी हा नंबर लाव. मला तिच्या मागे लागायचंय.”