चेन-पुलीच्या जिवाला घोर

मी एक चेन-पुली बोलतेय. भोपाळच्या अवधपुरीतल्या कम्युनिटी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, छताच्या गर्डरला टांगलेली. जड वजन उचलायचं आणि अलगद उतरवायचं, हे माझं काम. स्वभाव म्हणाल तर भित्रा. हसा खुशाल! तुमच्या हातातलं ओझं निसटलं तर ते तुमच्याच पायावर पडतं. माझ्या हातातलं निसटलं तर खालच्या माणसाचं काय होईल?

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही बऱ्याच बहिणी एका ट्रकमध्ये होतो. मध्य प्रदेशात ठिकठिकाणी ही कॉलेजं निघाली होती. ज्या भागात ज्या कामाला माणसं लागतात, तिथे ते काम शिकवणारी. एक बहीण रीव्याला गेली, एक झाबुव्याकडे, एक पांढुर्ण्याला. मी भोपाळात उतरले. इथे कारखान्यातल्या यंत्रांची दुरुस्ती शिकवतात, म्हणून माझ्या वाट्याला विजेवरच्या या अवजड मोटारी आल्या. पांढुर्ण्याची बहीण म्हणे संत्र्याच्या रसाची यंत्रं उचलते. नशीब एकेकीचं!

शिकवायला आमचे जयंत सर. मूळचे पुण्याकडचे, नोकरीनिमित्त इथे आले आणि रिटायर झाल्यावर इथेच रमले. त्यांच्या हाताखाली क्षितिजा शिकते. ती इथल्याच बाग सेवनियाला राहते, वडील मूळचे नागपूरचे, इथे सरकारी ऑफिसात. सर तिच्याशी मराठीत बोलतात. "अगं क्षितिजा, पाना दे की!" आणि लगेच वळून, जवळच्या मंडीदीपहून शिकायला येणाऱ्या सोनलला, "बेटा, बोल्ट कसो." दिवसभर हे असंच चालायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट गंमतच वाटायची.

आणि मग गेल्या महिन्यातली ती सकाळ आली.

मोटार माझ्या हुकाला लटकत होती. साखळी क्षितिजाच्या हातात होती. खाली लोखंडी स्टँड तयार. तेवढ्यात सोनलच्या हातातला नट निसटला आणि घरंगळत थेट मोटारीखाली गेला. आणि ही बया वाकून आत शिरली की! लटकत्या वजनाखाली जायचं नाही, असं समोरच्या भिंतीवर लिहिलंय. पण नट घरंगळला की भिंत कोण वाचतंय?

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते जिवाच्या आकांताने ओरडले, "खाली! खाली कर!"

त्यांना म्हणायचं होतं हिंदीतलं 'खाली करो', म्हणजे जागा रिकामी कर, सोनल, बाहेर निघ. पण घाबरल्यावर 'करो'च्या जागी 'कर' निघालं तोंडून, आणि 'कर' म्हटलं की ते क्षितिजासाठी. तिच्या कानाला ते घरचंच मराठी वाटलं. खाली कर, म्हणजे उतरव! सांगितलं की लगेच करणारी गुणी मुलगी. तिने साखळी ओढली.

मोटार सोनलच्या पाठीवर उतरायला लागली. मी काय करणार? साखळी ओढली की मला सोडावंच लागतं. मी आरडाओरडा करत होते, पण माझा आरडाओरडा म्हणजे नुसती कुरकूर, तो कुणाला कळणार! सोनल मात्र किंचाळली, "दीदी, रोको!" क्षितिजाने साखळी टाकून दिली. साखळी सोडली की माझा ब्रेक बसतो आणि मोटार जिथल्या तिथे थांबते.

थांबली. पण लगेच नाही. जराशी सरकली आणि मग थांबली, तेव्हा सोनलचं ॲप्रन मोटारीला टेकलं होतं.

सरांनी तिला पाय धरून बाहेर ओढलं. क्षितिजा ओक्साबोक्शी रडत होती. "मी कुठल्या भाषेत ओरडलो, तेच मला कळलं नाही गं," सर पुन्हापुन्हा म्हणत होते.

त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये 'खाली' शब्दाला बंदी आहे. उतरवायचं असेल तर 'उतारो', बाजूला व्हायचं असेल तर 'हटो'. सरांनी पांढुर्ण्याला फोन केला, बुऱ्हाणपूरच्या कॉलेजलाही केला. तिकडेही पोरं अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलतात. माझ्या बहिणींसाठी मला बरंच वाटलं. आता तर चहाच्या वेळी हा किस्सा सांगून सगळे पोट धरून हसतात.

एकटी सोनल हसत नाही. ती सरांना म्हणाली होती, "सर, दीदी ने चेन छोड़ दी थी. मोटर फिर भी नीचे आई."

"तुम घबरा गई थी, बेटा," सर मायेने म्हणाले. आणि क्षितिजा, वेडी कुठली, म्हणाली, "नहीं सोनल, मैंने ही खींची थी." सगळा दोष तिने आपल्या अंगावर घेतलाय. तेव्हापासून ती साखळीला हात लावत नाही.

अहो, सोनल खरं बोलतेय! माझ्या ब्रेकची चकती झिजलीय. शब्द बदलून ती कशी भरून येणार? कुणीतरी शिडी लावा, मला उतरवा, उघडून बघा. पण शब्दाचा किस्सा इतका रंगला की माझ्याकडे मान वर करून कुणी पाहिलंच नाही.

आज नवी बॅच आलीय. मोटार माझ्या हुकाला चढवून झाली आणि सरांनी किस्सा सुरू केलाय. पोरं हसताहेत. हसताहेत म्हणून सरांना आणखी चेव आलाय. "सोनल यहाँ थी, ऐसे!" म्हणत ते स्वतःच वाकून मोटारीखाली शिरताहेत. साखळी कुणाच्याच हातात नाही, आणि माझा ब्रेक सरकायला लागलाय.

दारात सोनल उभी आहे. तिने वर पाहिलं.

ओरड गं सोनल! कुठल्याही भाषेत ओरड, पण ओरड!