कव्हरावर कव्हर

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो. ऑटोची. मागे सवारी बसते ती नाही, पुढची, ड्रायव्हरची. मागच्या सीटवर लोक हात फिरवून बघतात, मग बसतात. माझ्यावर बसायचा तो नत्थू, आणि तो कधी बघून बसला नाही.

माझा जन्म पंडरीच्या मागच्या गल्लीत झाला, गुलाबराव सीटवाल्याच्या दुकानात. रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जिकडे तिकडे नव्या पाट्या, नव्या गाड्या. खाली लोखंडी पट्टीची चौकट, तिच्यावर प्लाय, त्यावर पिवळा जाड फोम आणि वरून काळं रेक्झिन. गुलाबरावनं तोंडात चुका धरल्या आणि एकेक करून ठोकल्या. नत्थू पहिल्यांदा बसला, जरा हलला, परत बसला.

"राजावानी वाटून राहिलं भाऊ," तो म्हणाला.

नत्थू गुढ़ियारीचा. बाप भंडाऱ्याकडून रेल्वेत आला होता, तेव्हापासूनचं घर. घरात बायको कमला आणि मुलगी भावना. सकाळी प्लांटच्या कामगारांना सिलतऱ्याला सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. सवारी बांधलेली, रोजचीच माणसं.

मागची जागा भरली की एकजण पुढे माझ्यावर यायचा, नत्थूच्या बाजूला. कधी दोघं. आमच्याकडे त्यात नवल काही नाही. नत्थू उजव्या काठावर सरकायचा. अर्धा माझ्यावर, अर्धा हवेत. कंबर एकीकडे, तोंड दुसरीकडे, तशी गाडी चालवायचा.

"नत्थू भैया, थोडा और सरको ना. एक अजून बसते."

"माह्या डोक्यावर बसव त्याले," नत्थू म्हणायचा. आणि सरकायचा.

राजधानी बनत होती म्हणजे रस्ते खणले जात होते. आज पाइपासाठी, उद्या केबलसाठी. प्रत्येक खड्डा त्याच उजव्या काठावर यायचा. वरून पाऊस, घाम, सिलतऱ्याची काळी धूळ. एक दिवस काठाचं रेक्झिन फाटलं आणि आतला पिवळा फोम दिसायला लागला.

मित्रांनो, नत्थूची एक रीत होती. भीमजयंतीच्या आधी गाडी धुवायची, झेंडे लावायचे. त्या वर्षी मला नवं कव्हरही घालायचं ठरलं, निळं. गुलाबराव म्हणाला, "जुनं काढून आत पाहू काय? एक दिवस गाडी सोड माह्यापाशी."

"एक दिवस? सवारी दुसऱ्याच्या गाडीत बसली का मंग वापस येते काय? चढव वरूनच. कव्हरावर कव्हर चढलं का गादीबी जाड होते."

गुलाबरावलाही तेच सोपं होतं. त्यानं वरूनच चढवलं.

रॅलीत मी चमकत होते. पांढऱ्या गोटाचं निळं कव्हर. कोणीतरी वाकून बघितलं. "काय बे नत्थू, सीट तर नवरीवानी सजवली." नत्थू हसला. मलाही बरं वाटलं. का नाही वाटणार?

मग दरवर्षी तेच. निळ्यावर निळं. शिवणीतून पाणी आत जायचं, बाहेर यायला वाट नव्हती. माझा फोम आधी मऊ झाला, मग कुजला, मग त्याचा भुगा व्हायला लागला. प्लाय फुगला. उजवीकडे तर नुसती पोकळी राहिली. वरून मात्र मी टंच.

नत्थूच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. उजव्या पायाला. ऑटो दारासमोर उभी असायची, त्यामुळे घरातलं मला सगळं ऐकू यायचं.

"लय दुखून राहिलं काय?" कमला विचारायची.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणतो, अन् चप्पल मले घालून द्या लागते तुले."

भावना कॉलेजात होती. मराठी सगळी समजायची, बोलायची हिंदीत. "पापा, हर साल कव्हर बदलते हो. एक बार अंदर का फोम तो देखो."

"फोम कोण पाह्यते बेटा? लोकं कव्हर पाह्यते."

शेवटी दोघी त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, कमरेची नस दबली आहे. काही दिवस गाडी बंद ठेवा, नाहीतर पाय जाईल. नत्थू मान हलवत हव, हव म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन माझ्यावर बसला.

कमला दारात आली. "आयकत नाहीस तं निदान बाजूले कोणाले बसवू नको. सरळ तरी बस."

"रोजचे लोकं आहे. नाही कसं म्हणू?"

त्या दिवशी बाजूला दोघं होते.

सिलतऱ्याच्या अलीकडे रस्ता खणून उघडा टाकला होता. चाक खड्ड्यात गेलं आणि माझा कुजलेला प्लाय मधूनच तुटला. खालची लोखंडी पट्टी सरळ नत्थूच्या कमरेत बसली. पुढे ट्रकनं ब्रेक मारला. नत्थूनं ब्रेकसाठी पाय उचलायला बघितलं.

"पाय उठत नाही," तो म्हणाला. ओरडला नाही. कोणाला तरी नुसतं सांगितल्यासारखं म्हणाला. "पाय उठत नाही ना."

त्यानं हँडल फिरवलं. ऑटो मातीच्या ढिगावर चढली आणि आडवी झाली. सवारीचं खरचटण्यावर निभावलं. नत्थूला दोघांनी काढून उभं केलं, तर तो पोत्यासारखा खाली बसला.

ऑपरेशन झालं. पायात पुन्हा जोर आला नाही.

घर चालवायचं म्हणून ऑटो दुसऱ्या ड्रायव्हरला द्यायची ठरली. त्याआधी कमलानं ती गुलाबरावकडे आणली. म्हणाली, "आता खोला." मला चौकटीसकट बाहेर काढलं आणि पहिल्यांदा उघडलं. वरचं निळं निघालं. खाली निळं. त्याच्याखाली पुन्हा निळं. सगळ्यात तळाशी माझं काळं. ते ओढलं तसा फोमचा भुगा पिठासारखा जमिनीवर सांडला.

कमलानं उजवीकडच्या पोकळीत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"इतका गड्डा होता इथं," ती म्हणाली. "तुमाले समजलं नाही काय भाऊजी?"

"वहिनी, तो म्हणे चढव, मी चढवलं."

"तो तं म्हणेच. तुमी तं सीटवाले होते ना?"

गुलाबरावनं चुका तोंडात धरल्या आणि नव्या सीटचा प्लाय पुढे ओढला.

ऑटोत नवी सीट बसली. मला तो भंगारात टाकणार होता. कमला म्हणाली, राहू द्या. तिनं मला तशीच, उघडी, रिक्षात घालून घरी आणलं आणि नत्थूच्या खाटेसमोर ठेवलं.

"पाह्य," ती म्हणाली.

नत्थूनं बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

"झाक हिले," तो म्हणाला. "कोणी आलं तं दिसन."

कमलानं झाकलं नाही.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथे अशीच आहे, उघडी. घरी कोणी आलं की आधी मला बघतं, मग नत्थूला. मी तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या घरात कोणी वाकडं बसत असेल, थोडंसंच दुखतं म्हणत असेल, तर त्याच्या हव-हवला भुलू नका. त्याची सवारी बुडाली तरी चालेल. एक दिवस गाडी उभी करा आणि आतलं उघडून बघा. फोम बदलता येतो. माझा बदलता आला असता.