भामाबाईच्या गळ्यातला ढोल

बिरदेवच्या पोटातली किडनी भामाबाईची. तिनं ती लेकाला राजीखुशीनं दिली होती, त्यात काही खोट नव्हती. पण दिलेली वस्तू हातातून सोडायचीही असते, हे मात्र तिच्या गावीही नव्हतं.

ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलं होतं. त्याआधी डायलिसिस करून बारामतीहून परतताना एसटीत बिरदेवची मान तिच्या खांद्यावर लुळी पडलेली असायची. ते दिवस पाहिलेली ही बाई, त्यामुळे शेळगावच्या घरात तिचा कडक पहारा असे. त्यानं कळशीला हात लावला की ही धावली. मेंढरांकडं पाऊल वळलं की ही आडवी. सून मनिषा एकदा भीतभीत म्हणाली, "आत्या, जरा फिरू द्या की त्येस्नी."

"फिरंल आन् आपटंल. माझं हाय ते, मी जपणार!"

बिरदेव वाद घालत नसे. तो ओट्यावर बसून राही आणि भामाबाईला वाटे, पोरगं सुखात आहे. तो नेहमी भिंतीकडं पाठ करून का बसतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या भिंतीवर त्याचा ढोल टांगलेला होता. बिरोबाच्या जत्रेत त्याच्या ढोलावर सगळी भावकी हातात रुमाल घेऊन गजीनाच नाचायची. पण नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, पुढं ओटीपोटात बसवतात, आणि गळ्यात अडकवलेला ढोल टेकतो तो नेमका तिथंच.

जत्रेच्या तोंडावर तपासणीला दोघं बारामतीला गेली. रिपोर्ट झकास होते. डॉक्टरीणबाईंनी बिरदेवला विचारलं, "दिवसभर काय करता?"

"बसतो जी," भामाबाईनंच सांगितलं. "मी हलू देत न्हाय."

"मावशी, किडनी छान काम करतेय. पण ती काय नुसतं बसून राहायला दिलीत त्यांना?"

भामाबाईला राग आला. ती काही बोलणार तेवढ्यात बिरदेव म्हणाला, "ढोल वाजवला तर चालंल?" आणि ढोल कुठं टेकतो ते त्यानं हातानं दाखवलं.

"वाजवा की, हातांना काय झालंय? फक्त तिथं भार नको, धक्का नको. आणि गर्दीत मास्क काढायचा नाही, भंडाऱ्यापासूनही लांब राहायचं."

परतीच्या एसटीत तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे, आये. पोटाला न लावता ढोल कसा वाजायचा?" मग खिडकीबाहेर बघत बसला. डायलिसिसच्या दिवसांत निदान 'गाव आलं का?' एवढं तरी विचारायचा. आता तेही नाही. भामाबाईला आता उमगलं. लेक जगला होता, पण तिनं त्याला जगू दिलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी तिनं स्वतः ढोल भिंतीवरून उतरवला, डोक्यावर घेतला आणि माळावर आणला. बिरदेव मास्क लावून गर्दीपासून अंतर ठेवून उभा होता. तिचा चुलतदीर दत्तोबा ढोल घ्यायला पुढं झाला. त्यांच्या घराण्यात देवाचा ढोल भुईवर ठेवत नाहीत, तो कुणाच्या तरी गळ्यातच लागतो. भामाबाईनं पदर खोचला आणि ढोलाचा पट्टा आपल्याच गळ्यात अडकवला.

"वयनी!" दत्तोबा ओरडला. "बाईच्या गळ्यात ढोल? आसं कधी झालंय व्हय?"

"भावजी, बाईची किडनी बाप्याच्या पोटात चालती. मग बाप्याचा ढोल बाईच्या गळ्यात का चालू न्हाय?"

दत्तोबानं पुढं केलेले हात मागं घेतले. नाचणारे रुमाल हातात धरून थांबले होते. ती ढोल घेऊन बिरदेवसमोर जाऊन उभी राहिली, भंडारा उधळत होते तिथून चांगली लांब. "मी धरते, तू वाजीव."

त्यानं काठी घेतली. मास्कच्या वर त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं पहिला घाव घातला तो इतका हळू, की शेजारच्यालाही ऐकू गेला नसता.

"आरं, जोरात की!"

"आये, तुला लागंल."

दीड वर्ष ती त्याला हेच सांगत आली होती. तिला हसूही आलं आणि रडूही.

"लागू दे," ती म्हणाली. "मी काय काचंची हाय? आन् तूबी न्हाईस."

मग मात्र बिरदेवनं ढोल वाजवला. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तळवा. प्रत्येक घाव भामाबाईच्या पोटात घुमत होता, जिथं किडनी होती तिथंही आणि जिथं नव्हती तिथंही. नाचणाऱ्यांनी पहिलं पाऊल टाकलं. ती पाय रोवून उभी राहिली.